जड नळीचा उन्हाळा

मार्च अर्धा सरला की अकोल्यात कूलरचं गवत विकणारे सायकलीवरून फिरायला लागतात. सोनेरी, कुरळ्या गवताचे मोठाले भारे सायकलच्या दोन्ही अंगांना बांधलेले असतात. लांबून सायकल दिसतच नाही, गवतच रस्त्यानं चालत येतंय असं वाटतं. परवा आमच्या गल्लीत असाच एक आला. मी तीन जाळ्यांचं गवत घेतलं, जुनं काढून नवं बसवलं, वरून पाणी सोडलं. पहिल्या दिवशी ओल्या गवताचा जो वास येतो तो घरभर झाला. शेजारीण दारातूनच म्हणाली, "लागला वो माय उन्हाळा!" तिला तो वास फार आवडतो. मी नुसतं हं म्हटलं आणि आत येऊन बसले.

मला त्या वासात दुसरा एक वास येतो, बंदुकीच्या तेलाचा. घरात कुणालाच तो येत नाही, कारण तो घरात नाहीच. तो त्या एका उन्हाळ्यातला आहे.

तेव्हा मी शूटिंग रेंजवर झाडलोटीला होते. पातूर रोडला, वस्तीच्या बाहेर, टिनाचं लांब छप्पर. एका टोकाला नेमबाज उभे राहायचे आणि पंचवीस मीटरवर कागदाची टार्गेटं लागायची. मागं मातीचा उंच बांध, बाजूला हत्यारांची खोली. त्या खोलीत एक कूलर होता. सकाळी आल्यावर पहिलं काम त्यात पाणी भरायचं. गोळीचा आवाज मला आधी सिनेमातल्यासारखा मोठा असेल असं वाटलं होतं. तसा नव्हता. कुणीतरी कोरड्या हातानं एकच टाळी वाजवावी, तेवढाच. कडुनिंबावरच्या साळुंक्या त्या आवाजाला इतक्या सरावल्या होत्या की उडायच्यासुद्धा नाहीत. मी खाली पडलेली रिकामी काडतुसं झाडून गोळा करायची. पितळेची, बोटाच्या पेराएवढी. एप्रिलच्या दुपारी ती हाताला चटके देत.

सुजाता माझी मुलगी. शाळा सुटली की माझ्याकडे रेंजवर यायची, कारण घरी कुणी नसायचं. तिचे बाबा बाळापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी. एक दिवस मुलींच्या संघात एक जण कमी पडत होती, म्हणून वानखडे सरांनी हिला उभं केलं. ते तिथले शिकवणारे. नुसता हात लांब करून रिकामं पिस्तूल धरायला सांगितलं. सगळे बघत राहिले. मीही झाडू धरून बघत होते.

"हिचा हात पाह्यला काय?" सर म्हणाले. "हलूनच नाई राह्यला! काय खाऊ घालता वो ताई हिले?"

मी वळले आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडायला लागले. पण मनात म्हटलं, मला माहीत आहे तो हात. ती चहा गाळते तेव्हा बशीत थेंब पडत नाही.

पिस्तूल क्लबचं होतं. परदेशी, जुनं, बारीक गोळीचं. ज्या कंपनीनं बनवलं ती कंपनीच बंद झालेली. सरांच्या किल्लीशिवाय कपाटातून निघायचं नाही. पण संध्याकाळी सगळ्यांचं झालं की सर ते उघडून टेबलावर ठेवत, आणि नळी साफ करायचं काम त्यांनी मला दिलं होतं. शिकवलंही होतं नीट. एक दोरी, तिच्या टोकाला फडक्याचा तुकडा. दोरी मागून घालायची, पुढून ओढून घ्यायची.

"मांगून समोर," सर म्हणायचे. "गोळी जशी जाते, तसंच फडकं गेलं पायजे. समोरून काहीच घालाचं नाई. काडी नाई, तार नाई. समजलं?"

समजलं होतं. दोन वर्षं मी तसंच केलं. बाकीच्या मुलींच्या आया गाडीतून यायच्या, डब्यात सुकामेवा आणायच्या, सरांशी इंग्रजीतले शब्द घालून बोलायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला त्यांच्यात उभंही राहवत नसे. पण सगळ्या गेल्यावर ती नळी मी दिव्याकडे धरून एका डोळ्यानं आत बघायची. आत पीळ असतात. दोरीला असतात तसे, चकचकीत, गोल गोल जाणारे, आणि शेवटी उजेडाचा एक ठिपका. मला वाटायचं, या मुलीच्या खेळात माझाही एवढा वाटा आहे. आज ते आठवलं की माझे हात मला लपवावेसे वाटतात.

बारावीचा पेपर संपला तो उन्हाळा. जूनच्या शेवटी पुण्याला निवड होती. त्यात नंबर लागला असता तर सुजाताला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. शिक्षण तिथंच, राहणं तिथंच, शिकवणारे मोठे. नाही लागला तर पुढं काय ते मला माहीत होतं. तिच्या मावशीनं अमरावतीचं एक स्थळ आणून ठेवलंच होतं. सुजाता म्हणायची, "आई, मले फक्त हे एक होऊ दे." दुसरं काही तिनं माझ्याकडं कधी मागितलं नाही. दिवाळीचा ड्रेससुद्धा नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला तिच्या गोळ्या जरा पसरायला लागल्या. जराशाच. नव्या पेटीतली काडतुसं वेगळी होती, त्यामुळं असेल, असं सर म्हणाले. ऊन पण फार होतं, टिनाखाली उभं राहवत नव्हतं. मी मात्र संध्याकाळी नळीतून बघितलं आणि मला कडेला काळं दिसलं. दोरीनं ते निघेना. मला वाटलं, इतके दिवस आपण वरवर साफ केलं. मुलीच्या गोळ्या माझ्या आळसानं चुकताहेत.

घासायचं कसं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्मभर तेच केलंय. बुद्धजयंतीच्या आधी आमच्या घरातली पितळी भांडी अशी उजळतात की त्यात तोंड दिसतं. दुसऱ्या दिवशी मी घरून पितळ उजळायची पावडर पुडीत बांधून आणली. मोडक्या छत्रीची एक काडी होती, तिच्या टोकाला फडकं गुंडाळलं, तेल लावलं, पावडर लावली. मागून काडी जाईना, मध्ये लोखंड आडवं येत होतं. म्हणून पुढून घातली. सर बाहेर फोनवर बोलत होते. मी घासलं. मनापासून घासलं. काळं निघालं, फडकं काळं झालं, मी दुसरं लावलं. नळी आतून आरशासारखी झाली. त्या दिवशी घरी जाताना मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी गोळ्या आणखी पसरल्या. मी आणखी घासलं.

असे वीस-पंचवीस दिवस गेले. आता मोजायला बसले तरी नक्की आकडा येत नाही. रोज तिच्या गोळ्या फाकायच्या आणि रोज मी संध्याकाळी ती काडी काढायची. एखादं रोपटं वाळतंय म्हणून कुणी त्याला रोज जास्त जास्त पाणी घालत राहावं, आणि त्या पाण्यानंच ते सडत जावं, तसं ते होतं. पण तेव्हा मला कुठं दिसत होतं?

सुजाताला वाटलं, हात गेला. ती घरी भिंतीसमोर उभी राहायची, पाण्यानं भरलेली बाटली हात लांब करून धरायची. घाम हनुवटीवरून टपटप गळायचा. पंखा लावू द्यायची नाही, वाऱ्यानं बाटली हलते म्हणून. मी म्हणायची, "बस्स कर बये, जेव." ती म्हणायची, "हलून राह्यला आई. पाय ना, हलून राह्यला." मी बघायची. मला तो हललेला दिसत नव्हता. पण मी म्हटलं, तिला जास्त कळतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात सर म्हणाले, "नळीच जुनी झाली. बदलाव लागते." त्या कंपनीची नवी मिळणं शक्य नव्हतं, पण दुसऱ्या कंपन्या त्या मापाच्या नळ्या बनवतात आणि अचलपूरला बंदुका दुरुस्त करणाऱ्या रफीक मिस्तरींकडे तशा दोन-तीन आल्या आहेत, असं त्यांना समजलं होतं. नळी म्हणजे हत्याराचाच भाग, कागदाशिवाय तिला हात लावता येत नाही. म्हणून सरांनी क्लबचा परवाना, पत्रं, सगळं गोळा केलं आणि त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. सुजाता म्हणाली होती, "आई, तू चाल. तू असली का मले बरं वाटते."

अंजनगाव गेलं, संत्र्याचे बगीचे लागले. त्या उन्हात तेवढंच काय ते हिरवं होतं. पुढं मेळघाटाचे डोंगर धुरकट दिसत होते. सुजाता खिडकीला डोकं लावून बसली होती आणि उजवा हात मांडीवर उलटा ठेवून त्याच्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघावं तशी.

रफीक मिस्तरी म्हातारे होते. दुकान लहान, दारावर परवान्याची पाटी, आत लोखंडाचा आणि तेलाचा थंड वास. त्यांनी आधी जुनी नळी मागून घेतली, लाल कापडावर ठेवली, चष्म्यावर भिंग लावलं. एवढ्यात सरांना आठवलं की एका कागदाची झेरॉक्स राहिली. ते सुजाताला घेऊन चौकात गेले. मी बाकावर पदर सावरून बसले होते.

मिस्तरींनी नळीच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग भिंग न काढताच विचारलं, "ताई, साफ कोन करते हे?"

"मीच."

"दोरीनं?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. नळीचं तोंड एवढं मोठं दिसलं. गोल नव्हतं. एका अंगाला काठ घासून उतरला होता, रोज दोरी लागून विहिरीचा काठ झिजतो तसा.

"गोली पुरी नल्ली बराबर येते," ते हळू म्हणाले. "पीळ खात खात सीधी येते. सुटते ह्या काठावून. काठ चारी बाजूनं सारखा पायजे. हा एकीकडून गेला, तं निंगता निंगताच धक्का बसते तिले. हात कसाबी असो, मंग काय फायदा?"

"मंग सुजाताचा हात?" मी विचारलं.

"हातावर तोहमत काहून? नल्ली गेली, हात कुठी गेला?" त्यांनी चष्मा काढला. "सरले मी काही सांगत नाई. तुमची नोकरी जाईन. पर पोरीले तुमी सांगा. आजच सांगा. थे हाताले रडून राह्यली."

मी मान हलवली. मला वाटतं मी खरंच सांगणार होते. सर आणि सुजाता परत आले तेव्हा मी फक्त सरकून तिला बाकावर जागा करून दिली.

मग मिस्तरींनी नळ्या मांडल्या. एक जुनीच, त्याच कंपनीची, मोडीत निघालेल्या पिस्तुलातून काढलेली. तीही झिजलेली, म्हणून त्यांनी स्वतःच बाजूला सारली. राहिल्या दोन. एक बारीक, हलकी, काळी. दुसरी जाड भिंतीची, पांढऱ्या पोलादाची, तोंडाकडे जड.

"बेटी," ते म्हणाले, "नल्ली पिस्तुलाच्या मापाची तं असतेच. पर घ्याची असते हाताच्या मापाची. पयले तुहा हात सांग कसा हाये."

सुजातानं हात मागं घेतला.

"हे काळी, मुद्दाम घट्ट ठेवलेली असते. मले थोडी थोडी घासून बसवाव लागन, तीन हप्ते तं लागतीनच. मंग एका केसाची फट राह्यणार नाई. पर हे हलकी हाये, हात जसा असन तसंच कागदावर दाखवन. हात चांगला असन तं हेच घे, दुसरं पाहूच नको."

"अन् हे?" तिनं पांढऱ्या नळीवर बोट ठेवलं.

"हे आजच बसते. कोन्याबी पिस्तुलात बसाव म्हनून सैल बनवतात. समोरून जड हाये, तं हलनारा हात जरासा दबते. पर पुरा दिवस उचलाचं वजन हाये बेटी. पाय ना, तुहा दंड केवढा."

सर म्हणाले, "तीन आठवडे म्हंजे सरावाले दिवसच नाई उरत. पाय तू. तुले चालवाची हाये."

सुजातानं दोन्ही नळ्या उचलून बघितल्या. काळी हातात घेतली तेव्हा तिचा चेहरा क्षणभर बदलला. तिला ती आवडली होती. आईला कळतं ते. मग तिनं ती खाली ठेवली.

"माहा हात चांगला नाई," ती म्हणाली. "जड द्या."

मिस्तरींनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. दुकानात घड्याळाचा आवाज येत होता. तेवढा वेळ मला मिळाला होता. सरांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, कागद सरळ केला, सही केली. एवढा सगळा वेळ.

लहानपणापासून मी बोलत नाही. शाळेत उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. सासरी आले तर सगळे म्हणाले, गरीब गाय आहे, आणि मला ते चांगलंच वाटलं. गप्प बसण्यानं माझं कधी काही बिघडलं नव्हतं. माझं म्हणजे माझंच. दुसऱ्याचं काय बिघडतं ते मी बघितलंच नव्हतं. रात्री सांगू, उद्या सांगू, नवी नळी लागली की तिचं तिलाच कळेल, मग सांगायचं कारणच राहणार नाही, असं मी परतीच्या रस्त्यानं स्वतःला समजावत आले. रेंजवर गेल्यावर ती छत्रीची काडी मी कचऱ्यात टाकली.

तिला कळलं नाही. जड नळीनं आधी आठ दिवस बरं वाटलं. गोळ्या जरा जवळ आल्या. मग जसजसं ऊन तापलं तसा तिचा दंड भरून यायला लागला. पहिल्या पंचवीस-तीस गोळ्या चांगल्या, आणि नंतर हात खाली खाली. नळी सैल होती, मधूनच रिकामं काडतूस अडकायचं. आता तो हात खरंच हलायला लागला होता, वजनानं. आणि ती म्हणायची, "पाय, मी म्हनत होती ना." त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगायचं होतं? काळी नळी परत मागवायला दिवस उरले नव्हते. सांगितलं असतं तर तिला फक्त एवढंच कळलं असतं की हे सगळं उगाच झालं.

पुण्याला मी गेले नाही. परत आली तेव्हा तिनं बॅग दारात ठेवली, हातपाय धुतले, आणि म्हणाली, "शेवटच्या दहा गोळ्यांत गेलं." मग कणीक मळायला बसली. मी म्हटलं, राहू दे, मी करते. तर म्हणाली, "करू दे ना, हाताले काहीतरी काम पायजे." पुन्हा ती रेंजवर गेली नाही. मी आणखी वर्षभर गेले. नळी साफ केली, दोरीनं, मागून पुढं. त्या नळीतून चांगली गोळी मारणारं तिथं कुणी नव्हतं.

आता ती अमरावतीला असते. तेच स्थळ. माणसं वाईट नाहीत. एका दवाखान्यात ती नोंदी करते. लोक सांगतात, काळ गेला की सगळं पुसट होतं. मला उलट वाटतं. आधी ते फक्त एका उन्हाळ्याचं होतं, आता तिच्या स्वभावाचं झालंय. गाडी शिकायला सांगितली तर म्हणते, माझा हात बरा नाही. दवाखान्यात सुई टोचायचं शिकवत होते, पगार वाढला असता, तर म्हणाली, माझ्या हातानं नाही होणार. दर वेळी तेच वाक्य ती हसत हसत म्हणते. त्या हसण्याचं मला जास्त भय वाटतं. रडली असती तर कदाचित मी बोलले असते.

मागच्या आठवड्यात ती चार दिवसांसाठी आली होती. कुरड्या करायच्या होत्या. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही गच्चीवर गेलो. मी चीक शिजवून वर नेला, तिनं सोऱ्या घेतला. प्लास्टिकच्या कागदावर ती एकेक कुरडई टाकत होती. गोल, मग त्याच्या आत गोल, मग त्याच्या आत. गरम चिकाचा सोऱ्या दोन्ही हातांनी दाबायचा म्हणजे दंड भरून येतात. माझ्या कुरड्या वाकड्यातिकड्या होतात. तिच्या ओळीनं, एकसारख्या, एकही तार दुसरीवर चढलेली नाही. साठ-सत्तर झाल्या असतील. शेवटची पहिलीसारखीच होती.

आदल्या दिवशी वानखडे सर तिला रस्त्यात भेटले होते. रेंजवर नव्या मुली आल्यात, आठवड्यातून एकदा येऊन शिकव म्हणाले, अमरावतीहून यायचं भाडंसुद्धा देऊ म्हणाले. तिनं नाही सांगितलं होतं. मला ते सांगून झाल्यावर तिनं रिकामा सोऱ्या माझ्याकडे दिला. सोऱ्यात चीक भरायला मी वाकले होते. तर खालीच बघत तिनं विचारलं,

"आई, तू तं रोज तिथं राहे. खरं सांग, तुले काय वाटे तवा? माहा हात खरंच खराब होता काय?"

तिनं कधीच असं विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच नाही. गच्चीवर आम्ही दोघीच होतो. ऊन अजून कोवळं होतं. तिनं तोंड वर करून माझ्याकडे बघितलं, आणि ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

मी सोऱ्याचं झाकण फिरवून घट्ट केलं, तिच्या हातात दिला, आणि म्हटलं, "मले काय समजते बाई त्यातलं?"

"थे बी खरंच हाये," ती म्हणाली, आणि पुढची कुरडई टाकायला लागली.